पेटीत तीच पेटी

तबल्यातला चक्रदार कागदावर लिहिला की अगदी साधा दिसतो. आधी एक छोटा बोल, त्याला जोडून तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि हे सगळं लागोपाठ तीनदा. म्हणजे तिहाईची तिहाई. तीनताल घेऊ: १६ मात्रांचं आवर्तन, त्यातली पहिली मात्रा म्हणजे सम. ‘तिटकत गदिगन धा’ हा ३ मात्रांचा पल्ला तीनदा घेतला की ९ मात्रा होतात; खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलला तर तिसरा धा बरोबर समेवर येतो. आता या ९ मात्रांच्या आधी २ मात्रांचा कुठलाही बोल जोडा. ११ मात्रा झाल्या. अकरा त्रिक तेहेतीस. समेपासून सुरुवात केली तर दोन आवर्तनं पुरी होतात, ३३वी मात्रा म्हणजे पुढची सम, आणि तिच्यावर नववा धा.

हिशेब एवढाच. रस मधल्या धांमध्ये आहे. पहिल्या फेरीत ते ५, ८ आणि ११ या मात्रांवर पडतात. दुसऱ्या फेरीतला पहिला धा येतो १६व्या मात्रेवर, समेच्या एक मात्रा अलीकडे. ऐकणारा समेसाठी मान वर करून तयार असतो आणि धा आधीच पडून गेलेला असतो. सम आल्यावर तिथे काहीच नसतं, पल्ला पुढे सरकलेला असतो. मग ३ आणि ६ या मात्रांवरचे धा, आणि तिसऱ्या फेरीचा पहिला धा पुन्हा ११व्या मात्रेवर. दोन्ही आवर्तनांत ११वी मात्रा धाची आहे: एकदा पहिल्या फेरीचा शेवट म्हणून, एकदा तिसऱ्या फेरीची सुरुवात म्हणून. वाजणारा बोल तोच, हात तोच, जागाही तीच. काम मात्र उलटं. नंतर १४ आणि मग सम.

अशी रचना संगणकावर मांडायची तर ती चित्रातून मांडावी असं कोणालाही वाटेल. तिहाई नावाची एक पेटी काढावी, तिच्या आत पुन्हा तिहाईच ठेवावी आणि ‘दोन पातळ्या’ एवढंच सांगून मोकळं व्हावं. आवाजासाठी चित्रांतून प्रोग्रॅम लिहायची जी साधनं आहेत, त्यांतलं प्युअर डेटा हे माझ्या आवडीचं. त्यात हे करून पाहिलं की एका ओळीचं उत्तर मिळतं. त्याचा आशय असा: ही फाइल स्वतःच्याच आत उघडता येणार नाही. संगणकाच्या तक्रारींचं रसग्रहण कोणी करत नाही; पण ही तक्रार वाचण्यासारखी आहे, कारण चित्रभाषेला काय जमतं आणि काय जमत नाही ते तिच्यात नेमकं उतरलं आहे.

थोडी पूर्वपीठिका. मिलर पकेट या अमेरिकन गणितज्ञाने १९८०च्या दशकात पॅरिसच्या इर्काम या संगीतसंशोधन संस्थेत ‘मॅक्स’ हे सॉफ्टवेअर लिहिलं. नाव मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून. १९५७ साली बेल लॅब्जमध्ये संगणकाकडून संगीत वाजवून घेणारे ते हेच. फिलिप मॅनुरी हा संगीतकार बासरीवादक आणि संगणक यांच्यासाठी ‘ज्युपिटर’ रचत होता, त्या सुमाराचं हे काम. पुढे मॅक्स व्यापारी झालं आणि पकेट यांनी १९९६च्या सुमारास सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून प्युअर डेटा बाहेर काढलं. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

उघडलं की समोर कोरं पान येतं. पानावर पेटी टाकायची, पेटीत तिचं नाव लिहायचं. नाव बरोबर असलं की पेटीला वर आणि खाली छोटी तोंडं फुटतात. एका पेटीच्या खालच्या तोंडापासून दुसरीच्या वरच्या तोंडापर्यंत दोरी ओढायची. दोऱ्या दोन जातींच्या. बारीक दोरीतून निरोप जातात: आकडे, शब्द, किंवा ‘बँग’ नावाची नुसती टिचकी. जाड दोरीतून अखंड ध्वनी वाहतो. याला पॅच म्हणतात. पानावरचं चित्र यंत्राचा नकाशा नसून यंत्रच असतं. दोरी तोडली की आवाज तिथेच तुटतो. पकेट यांचा सगळा आग्रह या एका गोष्टीवर आहे, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचं सौंदर्यही इथेच आहे: दिसत नाही असं काही यंत्रात शक्यतो ठेवायचं नाही.

पॅच मोठा झाला की पान भरतं, दोऱ्यांचं जाळं होतं. मग काही भाग घडी घालून एका पेटीत ठेवायचा. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सबपॅच: घडी घातलेला भाग त्याच फाइलमध्ये राहतो. त्याची नक्कल केली की दोन वेगळ्या वस्तू झाल्या. एकीत केलेली दुरुस्ती दुसरीला कळत नाही. दुसरा मार्ग ॲबस्ट्रॅक्शनचा: तो भाग वेगळ्या फाइलमध्ये जतन करायचा, आणि त्या फाइलचं नाव हाच पुढे प्युअर डेटासाठी एक शब्द होतो. तिहाई नावाने फाइल जतन केली की कुठल्याही पेटीत ‘तिहाई’ लिहावं, यंत्र ती फाइल शोधून आत उभी करतं. पेटीत नावापुढे आकडा लिहिला तर आतल्या पॅचमध्ये जिथे जिथे ‘डॉलर-एक’ लिहिलं असेल तिथे तो आकडा बसतो. ‘तिहाई ३’ आणि ‘तिहाई ५’ या एकाच फाइलच्या दोन वेगळ्या अंतरांच्या तिहाया.

इथवर सगळं सुखाचं. आता नकार.

पेटी म्हणून एखादी फाइल उभी करायला घेतली की प्युअर डेटा तिचं नाव एका यादीत टाकतं. आतल्या सगळ्या पेट्या उभ्या राहिल्या की नाव यादीतून निघतं. आत आणखी एखादी फाइल लागली तर तिचं नाव यादीत वर चढतं, तिच्या आतली त्याच्यावर. आणि जे नाव यादीत आधीच आहे ते पुन्हा मागितलं गेलं तर यंत्र तिथेच थांबतं. म्हणून ‘तिहाई’च्या आत ‘चक्रदार’ आणि त्याच्या आत परत ‘तिहाई’ असा वळसा घालूनही सुटका नाही. ज्या पेटीपाशी हे घडतं ती पुसली जात नाही. तुटक रेघांच्या चौकटीत ती पानावर तशीच राहते, नाव लिहिलेलं, तोंडं नसलेली.

जाणकार लगेच म्हणेल की मला अनंत पेट्या नकोच आहेत. मी बाहेर २ लिहीन, आत १ जाईल, त्याच्या आत ०, आणि शून्याला थांबायचं. संगणकशास्त्रात स्वतःलाच हाक मारणारा प्रत्येक नियम असाच लिहितात, थांबण्याची अट त्याच्याच पोटात ठेवून. प्युअर डेटात ही अट दोन कारणांनी बसत नाही. पहिलं कारण जवळजवळ विनोदी आहे. पेटीत ‘डॉलर-एक वजा एक’ असं चिकटून लिहिलं आणि डॉलर-एकच्या जागी ३ आले, तर आत २ जात नाहीत. ‘३-१’ हा एक शब्द जातो, अक्षरशः तसाच. पेटीच्या नावापुढे वजाबाकी होत नाही. दुसरं कारण खोल आहे. ‘जर शून्य असेल तर’ हे म्हणणाऱ्या पेट्या प्युअर डेटात आहेत, चांगल्या आहेत. पण त्या दोरीतून आलेल्या निरोपावर काम करतात, आणि निरोप वाहू लागतात सगळ्या पेट्या उभ्या राहिल्यावर. पॅच उभा राहत असताना अजून एकही टिचकी वाजलेली नसते. तेव्हा ‘थांब’ म्हणायला कोणी नसतं आणि ऐकायलाही कोणी नसतं. यंत्र फक्त नावं वाचतं आणि पेट्या मांडतं. पेटीच्या जगात काळ नाही.

या तक्रारीचं मर्म मला इथे दिसतं. लिहिलेल्या भाषेत नसलेल्या गोष्टीचं नाव घेता येतं. नियमात तोच नियम लिहिला तरी कागदावर एकच ओळ राहते. ती पुन्हा वाचायची की नाही हे वाचण्याच्या वेळी ठरतं. चित्रात ती सोय नाही. चित्रात जे काढलं ते असावं लागतं, आणि चित्रच यंत्र असेल तर ते आत्ता, पूर्णपणे असावं लागतं. पेटीत तीच पेटी काढणं म्हणजे अनंत पेट्या एका दमात काढणं. नकार देणारं यंत्र मूर्ख नाही. आपलं वचन पाळत आहे.

नवी मुंबईकरांना एकात एक बसवलेल्या रचनेचं मोठं उदाहरण पायी फिरून पाहता येतं. सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८मधलं आर्टिस्ट व्हिलेज. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर, १९६५ साली खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली होती, १९७०मध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली, आणि १९८३ ते १९८६ या काळात कोरियांनी सुमारे ५५० कुटुंबांसाठी ही वस्ती रचली. तिचं व्याकरण असं. सात घरं एका लहान अंगणाभोवती, अंगण साधारण ८ मीटर लांब, तेवढंच रुंद. असे तीन पुंजके, म्हणजे २१ घरं, १२ मीटरच्या मोकळ्या जागेभोवती. असे तीन पुन्हा २० मीटरच्या चौकाभोवती. तसंच वाढत जाऊन शेवटी शाळा आणि सार्वजनिक जागा. सात घरांच्या पुंजक्यापुढे प्रत्येक पायरीवर तीच क्रिया: तीन घ्या, मधे मोकळं ठेवा. चक्रदारही हेच करतो, फक्त मात्रांमध्ये.

पण कोरियांनी सुरुवात घरापासून केली. तळ आधी ठरला. अंगणाचा नियम स्वतःला कितीही वेळा लावला तरी आत शेवटी भिंती आणि छप्पर असलेलं घर आहे, आणि घराच्या आत वस्ती नाही. प्युअर डेटाचा पॅच उलटा, बाहेरून आत उभा राहतो. आत काय आहे ते आत गेल्याशिवाय त्याला कळत नाही. बेलापूरची दुसरी गोष्ट सबपॅच-ॲबस्ट्रॅक्शनच्या भेदाशी जुळते. घरांचे नमुने मोजकेच होते, पण कोरियांनी शेजारच्या घराशी भिंत सामाईक ठेवली नाही, म्हणजे ज्याला त्याला आपलं घर आपल्या ऐपतीने वाढवता यावं. लोकांनी ते वाढवलं, मजले चढवले, काहींनी पाडून नवं बांधलं. नमुना एक आणि नकला मोकळ्या. हा सबपॅचचा स्वभाव आहे. ॲबस्ट्रॅक्शन असतं तर एका घराला सज्जा काढताच सगळ्या वस्तीला सज्जे फुटले असते.

स्वतःकडे वळण्याचे आणखी दोन प्रकार प्युअर डेटात आहेत, आणि यंत्र त्या दोघांशी वेगळं वागतं.

निरोपाची दोरी फिरवून आपल्याच वरच्या तोंडाला जोडता येते. ती यंत्र काढू देतं, चौकट तुटक होत नाही. पण टिचकी दिली की निरोप गोल फिरू लागतो. प्युअर डेटात एक निरोप पार शेवटापर्यंत पोचल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही, त्यामुळे हे फिरणं एका क्षणाच्या आत चाललेलं असतं. एकावर एक हजार हाका साचल्या की यंत्र हात टेकतं, चकतीवर चकती रचून ढीग कोसळल्याची तक्रार करतं आणि तो निरोप सोडून देतं. इथे मात्र उपाय आहे. दोरीच्या वाटेत ‘विलंब’ची पेटी घाला, समजा अर्ध्या सेकंदाची. तोच निरोप तसाच फिरतो, दर अर्ध्या सेकंदाला एकदा, दिवसभर. ढीग साचत नाही, कारण प्रत्येक फेरीला आधीची फेरी संपलेली असते. विलंब शून्याचा घातला तर ढीग साचत नाही, पण घड्याळही पुढे सरकत नाही आणि सगळा प्रोग्रॅम गोठतो. म्हणजे हवा असतो तो खरा, खर्च होणारा काळ.

ध्वनीच्या जाड दोरीचा वेढा घातला तर? यंत्र तो मान्य करत नाही. ध्वनीच्या पेट्यांना आधी-नंतरचा क्रम लावायचा असतो, आणि वेढ्यात कोण आधी हे ठरत नाही. मग ‘ध्वनीचा फेरा सापडला’ अशी तक्रार येते आणि त्या पेट्या मुक्या राहतात. पण संगीताला ध्वनीचा फेरा लागतोच. प्रतिध्वनी म्हणजे फेरा. छेडलेली तार म्हणजेही फेरा: केव्हिन कार्प्लस आणि ॲलेक्झांडर स्ट्राँग यांनी १९८३ साली दाखवलं की क्षणभर खरखर घ्या, ती थोड्या विलंबाने परत आणा, दरवेळी शेजारच्या दोन नमुन्यांची, म्हणजे ध्वनीच्या लागोपाठच्या दोन आकड्यांची, सरासरी काढून जरा मऊ करा, की तारेसारखा नाद मिळतो. तंबोऱ्याची जवारी त्यात येत नाही, तिला वेगळी खटपट. पण तार ओळखू येते.

प्युअर डेटात हे करायचं तर फेरा दोन तुकड्यांत तोडावा लागतो. एक पेटी ध्वनी साठवते, दुसरी तो थोड्या वेळाने वाचते. दोघींमध्ये दोरी नाही. दोघींत फक्त नाव एक असतं, समजा ‘तार’. हे मला या साधनातलं सगळ्यात बोलकं स्थळ वाटतं. इतका वेळ जे साधन प्रत्येक संबंध दोरीने दाखवत होतं, ते नेमकं इथे, आवाज स्वतःकडे वळतो तिथे, दोरी सोडतं आणि नाव वापरतं. चित्राच्या मध्यभागी एक न दिसणारा संबंध. चित्र फेरा दाखवू शकत नाही, म्हणून फेऱ्याच्या जागी लेखन येतं.

आणि काळ इथेही वसूल होतो. प्युअर डेटा ध्वनी ६४ नमुन्यांच्या गठ्ठ्यांनी हाताळतं. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एक गठ्ठा म्हणजे दीड मिलिसेकंदापेक्षा जरा कमी. फेऱ्याला किमान एवढा विलंब लागतो. म्हणून अशा तारेचा सूर ४४,१०० भागिले ६४, म्हणजे ६८९ हर्ट्झच्या वर जात नाही. मेंडोलिनची सगळ्यात उंच तार मोकळी छेडली तर ६५९ हर्ट्झ; पहिल्या पडद्यावर बोट ठेवलं की ६९८. मोकळी तार बसते, पहिलाच पडदा बाहेर. त्यावर उपाय असा की तेवढा भाग सबपॅचमध्ये घालून त्याचा गठ्ठा एका नमुन्याचा करायचा. यंत्राला कष्ट पडतात, पण तार वर चढते.

नावांवर भार टाकला की नावांचे प्रश्न येतात. ‘तार’ हे नाव प्युअर डेटात सगळीकडे एकच असतं, कुठल्याही पेटीच्या आत असलं तरी. तंबोऱ्याच्या चार तारांसाठी तीच फाइल चारदा वापरली की चौघी एकाच साठ्यावर बसतात आणि एकमेकींचा आवाज खातात. सेक्टर ८ बेलापुरात आहे, वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे आणि ऐरोलीतही. रिक्षावाल्याला नुसतं ‘सेक्टर ८’ सांगितलं तर तो काय करील? प्युअर डेटाने यासाठी ‘डॉलर-शून्य’ ठेवलं आहे: उघडलेल्या प्रत्येक फाइलच्या प्रत्येक प्रतीला यंत्र एक वेगळा आकडा देतं, हजाराच्या पुढचा. तो नावाला जोडला की चार तारा चार पत्त्यांवर राहतात. नवशिक्यांचे तास याच गोष्टीवर वाया जातात. पॅच बरोबर असतो, दोऱ्या बरोबर असतात, चूक नावात असते आणि चित्रात ती दिसत नाही.

आता परत चक्रदाराकडे, आणि या वेळी फर्माइशी चक्रदाराकडे. त्याची अट अशी की पहिल्या फेरीतल्या तिहाईचा पहिला धा समेवर यावा, दुसऱ्या फेरीत दुसरा, तिसऱ्या फेरीत तिसरा. तीनतालात एक हिशेब असा बसतो: १२ मात्रांचा बोल आणि पुढे ५ मात्रांचा पल्ला तीनदा. १२ अधिक १५, म्हणजे २७. तीन फेऱ्या ८१. पहिल्या फेरीत धा १७, २२ आणि २७व्या मात्रेवर; १७वी म्हणजे सम. दुसऱ्या फेरीत ४४, ४९, ५४, ४९वी सम. तिसऱ्या फेरीत ७१, ७६, ८१. ८१वी सम, पाच आवर्तनं पुरी. आतली तिहाई तिन्ही वेळा अक्षर न अक्षर तीच. तिला कोणी सांगत नाही की ही दुसरी फेरी आहे, तू दुसरा धा समेवर टाक. तिच्यात ‘डॉलर-एक’ नाही. ती फक्त २७ मात्रा उशिरा सुरू होते, आणि उशीर तिच्यासाठी काम करतो. २७ला १६ने भागलं की बाकी ११ उरते. पल्ल्याची लांबी ५. दोन्ही मिळून १६. फेरी ११ मात्रा पुढे ढकलते, पल्ला आणखी ५, आणि धा पुन्हा समेवर. ज्याने हे पहिल्यांदा बसवलं त्याच्याकडे कागद होता की नव्हता, देव जाणे.

तिहाईच्या आतली तिहाई पेटीच्या आतल्या पेटीसारखी आहे, असं समजून मांडणी केली की प्युअर डेटा अडवतं. ऐकताना मात्र आतलं आणि बाहेरचं असं काही नसतं. आधीचं आणि नंतरचं असतं. म्हणून मांडणीही तशी करावी. ‘तिहाई’ या एकाच फाइलच्या दोन पेट्या घ्या, एकीखाली एक. फाइलचं काम इतकंच: वरून एक टिचकी आली की ठरावीक अंतराने खाली तीन टिचक्या द्यायच्या. अंतर किती ते डॉलर-एक सांगतो. वरच्या पेटीत लिहा ‘तिहाई ११’. तिच्या प्रत्येक टिचकीला दोन मात्रांचा बोल वाजू द्या आणि तीच टिचकी २ मात्रा थांबवून खालच्या ‘तिहाई ३’ला द्या. तिच्या खाली तीन मात्रांचा पल्ला. वरून एक टिचकी टाकली की मधून तीन पडतात, तळाशी नऊ, आणि ३३व्या मात्रेवर नववा धा. पोटात पेटी नाही, पायाशी पेटी आहे. नाव यादीत दोनदा येतं, पण दुसऱ्यांदा येताना पहिलं यादीतून निघून गेलेलं असतं, त्यामुळे तक्रार नाही.

फर्माइशी हवी असेल तर दोऱ्यांना हात लावायची गरज नाही. ११च्या जागी २७, २च्या जागी १२, ३च्या जागी ५. बोल अर्थात लांब करावे लागतील.

हे आणखी आटोपशीर करता येतं. मात्रांना शून्यापासून ३२पर्यंत आकडे द्या, ११ने भागून बाकी घ्या, २ वजा करा, उत्तर शून्याखाली गेलं तर सोडून द्या, नाहीतर ३ने भागून पुन्हा बाकी घ्या. बाकी २ आली की धा. मोजक्या पेट्यांत सगळा चक्रदार. गणित बरोबर येतं, पण मला ते आवडत नाही. त्या पॅचकडे पाहून तिहाई कुठे आहे ते सांगता येत नाही. खाली खाली ओघळणाऱ्या दोन पेट्यांच्या पॅचमध्ये चक्रदाराची चाल डोळ्यांनी वाचता येते, आणि चित्रभाषा वापरायची ती त्याचसाठी.

लेखनाच्या बाजूने याच प्रश्नाला भिडलेलं एक काम भारतीय तबल्यावरच उभं आहे. बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकाने तबल्याचे अभ्यासक जिम किपन यांच्याबरोबर १९८०च्या दशकात ‘बोल प्रोसेसर’ केला. किपन लखनौला उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे शिकले होते. कायदा या तबल्यातल्या रचनेचे पलटे, म्हणजे तिचे फेरफार, कोणत्या नियमांनी निघतात ते व्याकरणासारखं लिहायचं, यंत्राकडून पलटे काढून घ्यायचे आणि उस्तादांकडून बरोबर-चूक ठरवून घ्यायचं, अशी ती पद्धत होती. तिथे नियमात नियम ठेवायला काहीच अडचण नव्हती, कारण सगळं अक्षरांत होतं. लियॉंच्या ग्राम या संस्थेत २००२च्या सुमारास तयार झालेली ‘फाउस्ट’ ही भाषाही अक्षरांची. तिच्यात फेऱ्यासाठी खास चिन्ह आहे, आणि ते लिहिलं की एका नमुन्याचा विलंब आपोआप मधे येतो. काळ घातल्याशिवाय तिथेही चालत नाही. फक्त तो घालायचं काम भाषाच करते.

प्युअर डेटाने २०१६ साली ‘क्लोन’ ही पेटी दिली. एका फाइलच्या हव्या तेवढ्या प्रती ती एका पेटीत उभ्या करते आणि प्रत्येकीला तिचा क्रमांक सांगते. तंबोऱ्याच्या तारांना ती उत्तम. पण त्या प्रती बहिणी-बहिणी असतात, आई-मुलगी नव्हेत. खोली मिळत नाही. ज्यांना खरोखर फांदीला फांदी फुटणारं झाड हवं आहे, ज्याची खोली आधी ठरलेली नाही आणि प्रत्येक फांदीचा नियम वेगळा, त्यांना पायाशी पेटी ठेवण्याची युक्ती पुरत नाही. काही जण पॅचकडूनच पानाला निरोप पाठवून नव्या पेट्या काढून घेतात. हे चालतं, पण ज्या चित्रावर भरवसा ठेवायचा ते आपल्या पाठीमागे बदलत राहतं, आणि मग चित्रभाषा कशाला निवडली हा प्रश्न उरतो. अशा झाडासाठी सरळ लिहिती भाषा घ्यावी.

माझं मत विचाराल तर नकार योग्य आहे आणि त्याची ओळ कंजूष आहे. ‘स्वतःच्या आत उघडता येत नाही’ म्हणणाऱ्या यंत्राने ‘खाली जोडून पाहा’ एवढं सांगितलं असतं तर किती नवशिक्यांचा वैताग वाचला असता. पेटीच्या नावापुढे वजाबाकी न होणं हा मात्र निव्वळ हट्ट आहे, त्याला कुठलंही तत्त्व नाही.

वाचकांपैकी कोणी तबला शिकत असेल तर ८१ मात्रांची फर्माइशी आधी हाताने ताल देत म्हणून पाहावी, निदान दुसऱ्या फेरीतला ४९व्या मात्रेवरचा धा अंगात बसेपर्यंत. मग प्युअर डेटा उतरवून घ्यावं आणि ‘तिहाई’ची एकच फाइल करावी. त्यात विलंबाच्या दोन पेट्या पुरतात.